बाजारपेठेतल्या पार्किंगचं सिम्युलेशन: मोजणी, मॉडेल आणि फसगती

बाजारपेठेत आणखी एक बहुमजली वाहनतळ बांधला तर रस्ता मोकळा होईल का? पे अँड पार्क सुरू केलं तर गाड्या वाहनतळात जातील की शेजारच्या गल्ल्यांत घुसतील? दुचाकींना शुल्क लावावं का? हे प्रश्न बहुतेक वेळा बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतात. सिम्युलेशन करून, म्हणजे गाड्यांची ये-जा संगणकात घडवून, त्यांची चाचणी घेता येते. त्याला लॅपटॉप आणि मोफत सॉफ्टवेअर पुरतं. खरा खर्च मोजणीदारांचा असतो आणि तो वाचवायला गेलात तर पुढचं सगळं फुकट जातं.

उदाहरण म्हणून पुण्याच्या पेठांचा भाग घेऊ, कारण पार्किंगच्या मॉडेलला अडचणीत आणणारं जवळजवळ सगळं तिथे एका ठिकाणी सापडतं: दुचाकींची गर्दी, एकेरी रस्ते, रात्री रस्त्यावरच गाडी लावणारे वाड्यांतले आणि सोसायट्यांतले रहिवासी, पथारीवाले, माल उतरवणारे टेम्पो आणि तारखेनुसार बाजू बदलणारं पार्किंग.

हद्द आणि प्रश्न

लक्ष्मी रस्ता पश्चिमेकडे, शिवाजी रस्ता दक्षिणेकडे आणि बाजीराव रस्ता उत्तरेकडे एकेरी आहे. दुकानासमोरची जागा हुकली की चालकाला मागे फिरता येत नाही, दोन-तीन रस्त्यांचा फेरा मारूनच परत यावं लागतं. जागा शोधण्याचा वेळ या फेऱ्याच्या लांबीवर ठरतो, म्हणून मॉडेलची हद्द लक्ष्मी रस्त्यापुरती ठेवून चालत नाही. दोन्ही बाजूंना किमान ३०० ते ४०० मीटर पसरा, म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार आणि बुधवार पेठेतल्या गल्ल्या आत येतील. मंडईजवळचे वाहनतळही आत हवेत. हद्द आखडती घेतली तर शुल्क लावल्याबरोबर गाड्या मॉडेलमधून ‘नाहीशा’ होतात आणि अहवालात रस्ता मोकळा दिसतो. प्रत्यक्षात त्या गाड्या पलीकडच्या गल्लीत उभ्या असतात.

प्रश्न आकड्यांत मांडा. ‘पार्किंगची परिस्थिती कशी आहे’ याला मॉडेल उत्तर देत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी ५ ते ९ या वेळात चारचाकीला जागा मिळायला किती मिनिटं लागतात, दर दहा चालकांमागे किती जण जागा न मिळाल्याने निघून जातात किंवा डबल पार्किंग करतात, आणि तासाला २० रुपये लावले तर यात काय बदलेल’ याला देतं.

जागा मोजताना

रस्त्याची प्रत्येक बाजू ५० ते ६० मीटरच्या तुकड्यांत विभागा आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. मोजणीचं चाक घेऊन चाला. वाड्यांची व सोसायट्यांची दारं, बस थांबे, चौकांची तोंडं, अग्निशमनाचे नळ, कायमच्या पथाऱ्या आणि ट्रान्सफॉर्मर यांची लांबी वजा करा. नकाशावरून किंवा उपग्रह चित्रावरून मोजलेली क्षमता जुन्या पेठांमध्ये हमखास जास्त निघते, कारण ही सगळी खोट वरून दिसतच नाही.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीला २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीला १ बाय २ मीटर जागा धरली आहे. ते माप इमारतींसाठी ठीक. रस्त्यावर दुचाकी काटकोनात लावल्या की एकीला ६५ ते ७५ सेंटिमीटर रुंदी पुरते, म्हणजे एका मोटारीच्या ५ मीटर लांबीत कागदावर पाच आणि प्रत्यक्षात सात दुचाकी मावतात. आपल्या रस्त्यावर प्रत्यक्ष मोजून घ्या, कुठलाही ठरीव गुणक उचलू नका.

शिवाय दुचाकीची क्षमता ताणते. शेजारच्या दोन गाड्या ढकलून मधे तिसरी घालणं हे आपल्याकडे रोजचं आहे. म्हणून दुचाकीच्या तुकड्याला कडक मर्यादा घालू नका. तुकडा भरल्यावरही ठरावीक शक्यतेने गाडी घुसू द्या, क्षमतेच्या ११० ते ११५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याची किंमत बाहेर काढताना लागणाऱ्या जादा वेळात मोजा. अशा दाटीतून स्कूटर काढायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा, कारण तेवढा वेळ ती निम्मी रस्त्यात असते.

पेठांतल्या अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ चे फलक आहेत: विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. दोन्ही बाजूंची क्षमता सारखी नसते, कारण दारं आणि थांबे सारखे नसतात. मोजणी सम आणि विषम दोन्ही तारखांना करा आणि मॉडेलमध्ये दोन वेगळे संच ठेवा. (३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम. रहिवाशांना हे तोंडपाठ असतं, संगणकाला सांगावं लागतं.)

कोण किती वेळ थांबतं

मॉडेलचा सगळा भार या मोजणीवर आहे. नेहमीची पद्धत म्हणजे ठरावीक अंतराने फेरी मारून वाहनांचे क्रमांक टिपणं. शेवटचे चार अंक आणि वाहनाचा प्रकार पुरे. पूर्ण क्रमांक नोंदवू नका, त्याची गरज नाही आणि लोकांच्या खासगीपणाचाही प्रश्न येतो. एका मोजणीदाराला किती लांबी द्यायची? १५० मीटरच्या एका बाजूला दर ७० सेंटिमीटरला एक दुचाकी धरली तर २१४ वाहनं होतात. एकेकाला ३ सेकंद लागले तरी जवळजवळ ११ मिनिटं गेली. म्हणजे १५ मिनिटांच्या फेरीत १५० मीटर ही मर्यादा आहे. कागदावर लिहिण्यापेक्षा चालत चालत मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि अंक नंतर बसून उतरवा. हातात फळी घेतलेला माणूस दिसला की लोक तो टोइंगवाला समजून गाडी हलवतात, व्हिडिओने तेही टळतं.

फेरीच्या पद्धतीत एक चूक अंगभूत आहे. ३० मिनिटांच्या फेरीत १० मिनिटं थांबलेली गाडी दिसण्याची शक्यता फक्त एक तृतीयांश. एकूण व्यापलेला वेळ बरोबर निघतो, पण आलेल्या वाहनांची संख्या कमी निघते आणि सरासरी थांबा फुगतो. मॉडेलमध्ये याचा परिणाम उलटा होतो: कमी पण लांब थांबणारी वाहनं दिलीत की जागा रिकामी होण्याची गती मंदावते आणि शोधण्याचा वेळ भलताच मोठा येतो. उपाय असा: दोन-तीन छोटे तुकडे निवडून, वरच्या मजल्यावरून स्थिर कॅमेरा लावून, प्रत्येक गाडीची येण्या-जाण्याची वेळ नोंदवा. त्यावरून लहान थांब्यांचं खरं प्रमाण काढा आणि फेरीच्या आकडेवारीला ते लावा.

आता वाहनांचे गट पाडा. बाजारपेठेत किमान पाच निघतात: पटकन काम करून निघणारे, खरेदीदार, दुकानदार व कामगार, रहिवासी, आणि मालाचे टेम्पो. सगळ्यांची सरासरी एकत्र काढण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. समजा एका पट्ट्यात दिवसभरात १०० गाड्या येतात. त्यातल्या १० दुकानदार-कामगारांच्या, प्रत्येकी ९ तास उभ्या, आणि उरलेल्या ९० सरासरी पाऊण तास. पहिल्या दहांनी ९० तास व्यापले, बाकीच्या नव्वदांनी मिळून साडेसदुसष्ट. म्हणजे दहा टक्के गाड्यांनी ५७ टक्के वेळ खाल्ला. प्रमाण प्रत्येक रस्त्यावर वेगळं येईल, पण हे गणित आधी केल्याशिवाय वाहनतळाच्या मजल्यांची चर्चाही सुरू करू नये, असं आमचं मत आहे.

खरेदीदारांच्या थांब्याला लॉगनॉर्मल वितरण (बहुतेक थांबे लहान, थोडे फार लांब) बहुधा चांगलं बसतं. मध्यक (निम्मे याहून कमी थांबतात तो आकडा) ३५ मिनिटं आणि सिग्मा, म्हणजे वितरणाच्या पसरटपणाचं माप, ०.८ असेल तर सरासरी ४८ मिनिटांच्या आसपास येते. दोन्ही आकडे वेगळे आहेत आणि सॉफ्टवेअर कोणता मागतंय ते तपासा, इथे घोळ फार होतात. दुकानदारांना मात्र वितरणातून थांबा देऊ नका. त्यांना येण्याची वेळ (साडेनऊ ते अकरा) आणि जाण्याची वेळ (रात्री नऊच्या पुढे) द्या. सगळ्या गटांना एकाच पिशवीतून थांबा काढून दिला की सायंकाळी सातला आलेला एखादा ‘खरेदीदार’ पहाटे चारपर्यंत उभा राहतो.

रहिवाशांच्या गाड्या सिम्युलेशन सुरू होण्याआधीच रस्त्यावर असायला हव्यात. सकाळी सहाला सुरुवात करा आणि रात्रीच्या मोजणीप्रमाणे जागा भरून ठेवा. रिकाम्या रस्त्यापासून सुरुवात केली तर दुपारपर्यंतचे निकाल निरुपयोगी असतात. हेच रहिवासी संध्याकाळी सात ते नऊ परततात, म्हणजे नेमके बाजाराच्या गर्दीत.

मोजणी कधीची आहे हेही पाहा. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट ही भूमिगत मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानकं ऐन बाजारात उघडली. त्याआधीची आकडेवारी हाताशी असली तरी आजच्या मॉडेलला ती चालणार नाही.

न दिसलेली मागणी

रस्त्यावर उभी दिसते ती गाडी जागा मिळालेली असते. जी दोन फेरे मारून निघून गेली ती मोजणीत येतच नाही. जागा भरलेल्या वेळी मोजलेलं आगमन हे मागणीचं नव्हे, क्षमतेचं माप असतं.

ही लपलेली मागणी पकडायला दोन रस्ते आहेत. लक्ष्मी रस्त्यावरच्या बेलबाग चौकासारख्या तोंडाशी कॅमेरा ठेवून २० मिनिटांच्या आत तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर ती गाडी घिरट्या घालते आहे असं धरा. (रिक्षा आणि डिलिव्हरीवाले वगळा.) दुसरी पद्धत रॉबर्ट हॅम्पशायर आणि डोनाल्ड शूप या पार्किंगच्या अभ्यासकांची, फार स्वस्त: चारचाकीची एखादी जागा रिकामी झाली की तिथून जाणाऱ्या गाड्या मोजायला लागा आणि कितवी गाडी ती जागा घेते ते लिहा. सरासरीने पाचवी गाडी घेत असेल तर वाहत्या रहदारीत जागा शोधणाऱ्यांचा वाटा सुमारे २० टक्के. किमान ३० ते ४० रिकाम्या जागा अशा टिपा. दुचाकीला ही पद्धत लागू पडत नाही, कारण तिथे ‘रिकामी जागा’ अशी ठळक वस्तूच नसते.

पहिलं मॉडेल: रस्त्यांशिवाय

थेट रस्त्यांच्या चित्रांवर उडी मारू नका. आधी पायथनमध्ये एक छोटं मॉडेल लिहा, ज्यात फक्त तुकडे, गाड्या आणि घड्याळ आहे. सिमपाय ही मोफत लायब्ररी पुरते. तीही नको असेल तर वेळेनुसार लावलेली घटनांची यादी ठेवली तरी काम होतं.

१. प्रत्येक १५ मिनिटांसाठी गटवार आगमनाचा दर लिहा. सर्वांत मोठ्या दराने यादृच्छिक आगमनं तयार करा आणि त्या वेळचा दर भागिले सर्वांत मोठा दर, एवढ्या शक्यतेने प्रत्येक आगमन ठेवा, बाकीची टाकून द्या.

२. प्रत्येक गाडीला प्रकार, गट, जायचा तुकडा, थांब्याचा वेळ, चालण्याची मर्यादा आणि शोधायची सहनशक्ती द्या. दुचाकीस्वार दुकानापासून ५० मीटरही चालायला नाखूश असतो, चारचाकीवाला सहसा २०० ते ३०० मीटर मान्य करतो. आपल्या बाजारात पन्नासेक जणांना विचारून आकडे पक्के करा.

३. गाडीला एकेरी क्रमाने तुकड्यांवरून न्या. चालण्याच्या मर्यादेत पहिली रिकामी जागा दिसली की ती घेऊ द्या. सगळ्यात जवळची जागा शोधून देऊ नका, कारण चालकाला पुढचं दिसत नाही.

४. नाही मिळाली तर फेऱ्याचा वेळ जोडून परत आणा. सहनशक्ती संपली की तीन वाटा: वाहनतळ, डबल पार्किंग, किंवा परत जाणं. तिन्हींची शक्यता मोजणीतून घ्या.

५. निघताना जागा मोकळी करा आणि सगळ्या वेळा फाइलमध्ये लिहा.

हे मॉडेल चुकीचं नाही ना, हे तपासायला एक जुनं सूत्र हाताशी आहे. डॅनिश गणिती एर्लांगने १९१७ साली टेलिफोन एक्सचेंजसाठी मांडलेलं हे सूत्र पार्किंगला जसंच्या तसं लागू पडतं. फेरे, गट, शुल्क सगळं बंद करा. एकच तुकडा, २० जागा, तासाला १२ गाड्या, सरासरी थांबा दीड तास, जागा नसेल तर गाडी निघून जाते. भार झाला १२ गुणिले १.५, म्हणजे १८. सुरुवात १ ने करा. मग ‘न’ ही संख्या १ पासून २० पर्यंत एकेकाने वाढवत नेत प्रत्येक वेळी आधीच्या उत्तराला १८ ने गुणा आणि त्या गुणाकाराला ‘न अधिक तोच गुणाकार’ यांनी भागा. स्प्रेडशीटच्या वीस ओळींत शेवटी ०.१०९ येतं, म्हणजे सुमारे ११ टक्के गाड्या परत जातील. तुमच्या प्रोग्रामने बराच वेळ चालवल्यावर ११ टक्क्यांच्या जवळचा आकडा दिला नाही तर पुढे जाऊ नका, प्रोग्राममध्ये चूक आहे. थांब्याचं वितरण बदलून पाहा, सरासरी तीच ठेवली तर उत्तर बदलायला नको. तेही तपासून घ्या.

याच सूत्रातून एक उपयोगी गोष्ट कळते. भार ९० आणि जागा १०० असतील, म्हणजे प्रमाण तेच, तर परत जाणाऱ्यांचा वाटा ३ टक्क्यांच्याही खाली उतरतो. वीस-वीस जागांचे पाच सुटे पट्टे आणि शंभर जागांचा एक वाहनतळ यांची क्षमता कागदावर सारखी, वागणूक नाही. रस्ता तुकड्यातुकड्यांनी राखीव करत गेलं (इथे फक्त बँक, तिथे फक्त रुग्णालय) की एकूण जागा तितक्याच राहूनही घिरट्या वाढतात त्या यामुळेच.

पुष्कळ प्रश्नांची उत्तरं या पहिल्या मॉडेलमध्येच मिळतात. दुकानदारांच्या गाड्या हलवल्या तर काय, चढत्या दराने काय होईल, पी-१/पी-२ काढून दोन्ही बाजू दुचाकींना दिल्या तर काय, यासाठी रस्त्यांच्या बारकाव्यांची गरज नसते.

रस्ते लागतात तेव्हा: सुमो

घिरट्यांमुळे आणि डबल पार्किंगमुळे बाकीच्या रहदारीला किती उशीर होतो हे विचारायचं असेल तर रस्ते हवेत. त्यासाठी जर्मनीच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे डीएलआरने, विकसित केलेलं सुमो हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर चांगलं आहे. पीटीव्ही कंपनीचं विसिम हे विकतचं सॉफ्टवेअर घेतलं तरी चालेल, पण त्याचा परवाना महाग पडतो आणि पुढे कुणाला मॉडेल पडताळायचं असेल तर त्यालाही तो घ्यावा लागतो.

ओपनस्ट्रीटमॅपवरून भाग उतरवून घ्या. उतरवताना डाव्या बाजूने रहदारीचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पुणेकर उजवीकडून गाड्या चालवताना दिसतील. मग छापील नकाशा घेऊन पायी फिरा आणि प्रत्येक एकेरी बाण, प्रत्येक बंद वळण तपासा. वाहतूक पोलिस दिशा बदलतात, नकाशा मागे राहतो. एक बाण उलटा असला तरी फेऱ्याची लांबी बदलते आणि शोधण्याचे सगळे आकडे कोलमडतात.

पार्किंगच्या जागा रस्त्याच्या मार्गिकेवर सुरुवात, शेवट आणि क्षमता देऊन ठेवल्या जातात. सुमो गाड्यांची संख्या मोजतो, आकार नाही, म्हणून दुचाकी आणि चारचाकीच्या जागा वेगळ्या ठेवा. बहुमजली वाहनतळ आत जाणाऱ्या छोट्या रस्त्यावर एक मोठी जागा म्हणून दाखवता येतो. जागा भरली तर कुठे जायचं हे ‘रिराउटर’ ठरवतो. सुमोबरोबर येणाऱ्या साधनांमध्ये असे रिराउटर आपोआप तयार करणारी स्क्रिप्ट आहे, हाताने लिहीत बसू नका.

पाच ठिकाणी लोक हमखास फसतात.

रिराउटरमध्ये पर्यायी जागेची स्थिती चालकाला दुरून दिसते की नाही, असा एक गुण असतो. तो सगळ्यांसाठी चालू केला तर प्रत्येक चालक सर्वज्ञ होतो आणि घिरट्या जवळजवळ संपतात. तो बंदच ठेवा. मोबाइल ॲपचा किंवा दर्शक फलकांचा फायदा तपासायचा असेल तेव्हा काही टक्के चालकांनाच ही माहिती द्या आणि टक्केवारी बदलून पाहा.

गाडी लावण्या-काढण्याच्या हालचालीचा वेळ मुळात धरलेला नसतो, गाडी क्षणात रस्त्यावरून बाजूला जाते. समांतर पार्किंग करणारी एक मोटार अरुंद रस्त्यावर मागच्या सगळ्यांना अडवते, हे आपण जाणतो. हालचालीचा पर्याय चालू करा आणि सेकंद आपल्या रस्त्यावर मोजून भरा.

डबल पार्किंग ही पार्किंगची जागा म्हणून दाखवू नका. मार्गिकेवरच थांबलेली गाडी म्हणून दाखवा, तरच मागची रहदारी अडेल.

दुचाकी फटीतून पुढे सरकायला हव्यात. त्यासाठी मार्गिकेच्या उभ्या पट्ट्या पाडायचा पर्याय आहे. पट्टीची रुंदी ०.८ मीटरच्या आसपास ठेवा. याने गणन बरंच मंदावतं, त्याला इलाज नाही.

आणि सर्वांत फसवी गोष्ट: सुमोमध्ये ३०० सेकंद अडकलेली गाडी उचलून पुढे ठेवली जाते. मूळ सेटिंगच तशी आहे. त्यामुळे चौकात पूर्ण कोंडी झाली तरी सरासरी वेग ठीकठाक दिसतो. अशा उड्यांची संख्या दर वेळी तपासा आणि अहवालात लिहा. त्या शंभरात एक-दोनपेक्षा जास्त असतील तर आकडे देण्याआधी मॉडेल दुरुस्त करा. बहुधा एखाद्या सिग्नलची वेळ किंवा चौकाचा आकार चुकलेला असतो.

वाहनतळाच्या दारालाही वेळ द्या. हाताने पावती फाडायला २० सेकंद लागत असतील तर एका दारातून तासाला १८० गाड्याच आत जातात. शनिवारी संध्याकाळी २०० आल्या तर आत मजले रिकामे आणि बाहेर रांग रस्त्यावर, हे दृश्य मॉडेलमध्येही दिसायला हवं.

जुळवणी

मोजणीचा एक दिवस मॉडेल जुळवायला वापरा आणि दुसरा, न वापरलेला दिवस, तपासायला राखून ठेवा. आधी तासागणिक व्याप, म्हणजे किती टक्के जागा भरलेल्या आहेत ते, जुळवा, मग थांब्यांचं वितरण, मग शोधण्याचा वेळ. व्याप जुळला म्हणून थांबू नका. भरलेल्या रस्त्याचा व्याप कोणतंही मॉडेल शंभर टक्के दाखवतं, मागणी दुप्पट धरली तरी. लपलेली मागणी पाच-पाच टक्क्यांनी वाढवत न्या आणि घिरट्यांचा वाटा मोजणीच्या जवळ येईल तिथे थांबा.

एकदाच चालवून निकाल काढू नका. यादृच्छिक बीज (ज्या आकड्यावरून संगणक यादृच्छिक संख्या काढतो तो) बदलून २५ वेळा चालवा. शोधण्याच्या सरासरी वेळेचं प्रमाण विचलन, म्हणजे दर वेळच्या उत्तरांतल्या चढउताराचं माप, ४० सेकंद असेल तर २५ फेऱ्यांनंतरही उत्तरात साधारण १६ सेकंद इकडेतिकडे राहतात. दोन पर्यायांत १० सेकंदांचा फरक आला तर तो फरक मानू नका. पर्यायांची तुलना करताना दोन्हींना तीच बीजं, म्हणजे तीच माणसं त्याच वेळी आलेली, असं ठेवलं तर फरक फार लवकर स्पष्ट होतो.

शुल्क आणि पर्याय

शुल्काचा परिणाम तपासायला प्रत्येक चालकाच्या डोक्यातला हिशेब हवा: पैसे, शोधण्याचा वेळ आणि चालण्याचा वेळ. समजा वेळेची किंमत तासाला १२० रुपये धरली आणि चालणं दुप्पट जाचक धरलं. ४०० मीटरवरचा वाहनतळ म्हणजे जाऊन-येऊन दहा मिनिटं चालणं, म्हणजे ४० रुपये. तो फुकट असला तरी दुकानासमोरची २० रुपयांची जागाच स्वस्त वाटते, आणि समोरची जागा फुकट असेल तर विचारायलाच नको. वरचे मजले रिकामे राहण्यामागे अनेकदा एवढंच गणित असतं. वाहनतळाचा दर आणि रस्त्याचा दर हे म्हणून एकत्रच बदलून पाहायचे असतात. वेळेची किंमत ६० आणि २०० रुपये धरूनही चालवा. निष्कर्ष तिन्हींत टिकला तरच लिहा.

दर ठरवण्याचा नियमही मॉडेलमध्ये बसवता येतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ ते २०१३ या काळात केलेल्या प्रयोगात ६० ते ८० टक्के व्याप हे लक्ष्य होतं. त्याच्या वर गेलं की त्या पट्ट्याचा तासाचा दर २५ सेंट वाढायचा, खाली गेलं की उतरायचा. असा नियम पेठांना लावून बारा महिन्यांचे बारा टप्पे चालवा आणि दर कुठे स्थिरावतात ते पाहा. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावरचं शुल्क रखडलं. त्यामुळे आपल्याकडे ‘आधीचा दर’ बहुतेक ठिकाणी शून्य आहे आणि शून्यावरून दहा रुपयांवर जाण्याचा परिणाम वीसवरून तीसवर जाण्यासारखा नसतो. परदेशी अभ्यासांतली लवचीकता, म्हणजे दर वाढला की मागणी किती घटते ते प्रमाण, शून्यावरून सुरू होत नाही, ती इथे उसनी आणू नका.

कमीत कमी हे पर्याय तपासा: आहे तसं, दुकानदार व कामगारांना वाहनतळात मासिक पास आणि रस्त्यावर दोन तासांची मर्यादा, चढता दर, म्हणजे पहिला तास स्वस्त आणि पुढचे महाग, मालाच्या टेम्पोंना सकाळी ठरलेली जागा आणि वेळ, आणि नवा वाहनतळ. दोन तासांची मर्यादा तपासताना सगळे ती पाळतील असं धरू नका. पाळण्याचं प्रमाण ३०, ६० आणि ९० टक्के ठेवून तीनदा चालवा. ३० टक्क्यांवर फरकच पडत नसेल तर पर्यायाचा खर्च फलकांवर नव्हे, माणसांवर धरावा लागेल.

गणेशोत्सवातले दिवस या मॉडेलमध्ये घालू नका. रस्तेच बंद असतात आणि माणसं पायी येतात, तो वेगळा प्रश्न आहे.

निकाल देताना

सरासरीबरोबर नव्वदावा शतमक द्या. शोधायला सरासरी ४ मिनिटं हे ऐकून कुणी हलत नाही, दहातल्या एकाला १५ मिनिटांहून जास्त लागतात हे कळतं. व्याप तुकड्यागणिक आणि तासागणिक रंगीत तक्त्यात दाखवा. घिरट्यांचे किलोमीटर, डबल पार्किंगची मिनिटं आणि हद्दीच्या कडेच्या गल्ल्यांचा व्याप वेगळा द्या. कडेच्या गल्ल्या भरल्या असतील तर हद्द वाढवून पुन्हा चालवा. फाइली, बीजं, गृहीतकं आणि मोजणीचा कच्चा तक्ता अहवालाबरोबर सोपवा, म्हणजे दुसऱ्याला तोच आकडा पुन्हा काढता येईल.

बदल अमलात आला तर पहिल्या दोन आठवड्यांची मोजणी सोडून द्या, तेव्हा टोइंगच्या गाड्या जोरात फिरत असतात. सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच तुकड्यांवर, सम आणि विषम दोन्ही तारखांना पुन्हा मोजा आणि तो तक्ता मॉडेलच्या आकड्यांशेजारी ठेवा.